खारेपाटण : चाकरमान्याच्या वाटेवरचा हजार वर्षांचा नाका

१/ गणपतीला किंवा शिमग्याला मुंबईहून निघालेल्या चाकरमान्याला राजापूर मागे पडल्यावर सिंधुदुर्ग जिल्हा लागतो तो खारेपाटणला. गाव आले म्हणजे घर जवळ आले, एवढीच त्याची या गावाशी ओळख. कणकवली, मालवण, सावंतवाडी गाठायची घाई असते. मध्ये थांबायचे ते चहापुरते. आजचा धागा त्या थांब्याविषयी.

२/ शुक नदीच्या काठी बाजारपेठ, माथ्यावर लहानशी टेकडी. समुद्र येथून दृष्टीस पडत नाही; तो विजयदुर्गला, सुमारे ४० किलोमीटर दूर. तरीही गावाच्या नावात ‘खारे’ आहे आणि ‘पाटण’ही आहे. पाटण म्हणजे पट्टण, व्यापाराचे नगर. भरतीचे खारे पाणी वाघोटनच्या खाडीतून आत सरकते, म्हणून एके काळी गलबते डोंगराच्या पायथ्याकडे इतक्या आतपर्यंत येत. पुढचा माल बैलांच्या पाठीवरून फोंडा आणि बावडा घाटांनी देशावर चढे. बंदर आणि घाट यांच्या मधली ही जागा. गावाचा सारा इतिहास या एका भूगोलातून निघतो.

३/ त्या इतिहासाचा सर्वांत मोठा पुरावा या गावातच मिळाला. दक्षिण कोकणच्या शिलाहार घराण्यातील राजा रट्टराज याचा शके ९३०, म्हणजे इ. स. १००८चा ताम्रपट. सणफुल्लापासून रट्टराजापर्यंत दहा पिढ्यांची वंशावळ त्यात कोरलेली आहे. हा ताम्रपट हाती आला नसता, तर सह्याद्री आणि समुद्र यांच्या मधल्या या राज्याचा इतिहास आज कितीसा सांगता आला असता?

४/ ताम्रपटाची एक खोड लक्षात घेण्याजोगी आहे. शिलाहारांचे सम्राट राष्ट्रकूट. त्यांची सत्ता इ. स. ९७३च्या सुमारास चालुक्य तैलपाने संपविली. रट्टराजाचा अधिराज आता चालुक्य सत्याश्रय होता. असे असूनही ताम्रपटात आधी राष्ट्रकूटांची संपूर्ण वंशावळ येते. धनी बदलून एक पिढी उलटली, पण जुन्या धन्याची नावे मांडलिकाने गाळली नाहीत. राजकारणात असा ओलावा क्वचित कोरून ठेवला जातो.

५/ याच वंशावळीत अय्यप नावाच्या राजाविषयी एक तपशील आहे. विजयानंतर चंद्रपुराजवळ, म्हणजे गोव्यातील चांदरजवळ, त्याला नारळाच्या पाण्याने स्नान घालण्यात आले. अभिषेकासाठी गंगाजळाची महती सर्वत्र. कोकणच्या राजाने मात्र आपल्या माडाचे पाणी मस्तकी घेतले. महामार्गाच्या कडेला शहाळे तोंडाला लावणाऱ्या प्रवाशाला हे ठाऊक असते, तर तो घोट त्याने किंचित सावकाश घेतला असता.

६/ ताम्रपट कशासाठी दिला? रट्टराजाचा पिता अवसर याने बांधलेल्या अव्वेश्वर मंदिराच्या खर्चासाठी. पूजा, डागडुजी, तेथील तपस्व्यांचे अन्नवस्त्र, यांकरिता गावे दिली. जोडीला तेली, माळी, कुंभार, परीट यांची कुटुंबे नेमून दिली. शिवाय बंदरावरचा कर. परदेशातून येणाऱ्या प्रत्येक जहाजामागे सोन्याचा एक गद्याण, आणि कंदलमूलीयहून येणाऱ्या जहाजामागे सोन्याचे एक धरण. चेमुल्य म्हणजे चौल, आणि चंद्रपूर, ही ठिकाणे त्यातून वगळलेली. दूरच्याला एक दर, जवळच्याला दुसरा, काहींना माफी. टोलनाक्याचे दरपत्रक वाचलेल्या माणसाला यात अनोळखी काहीच नाही.

७/ दुसरा ताम्रपटही येथलाच. उत्तर कोकणच्या शिलाहार अनंतदेवाचा, शके १०१६, म्हणजे इ. स. १०९४चा. त्यात भाभण श्रेष्ठी आणि त्याचा भाऊ धनाम श्रेष्ठी यांना ठाणे, सोपारा, चौल, नागपूर अशा बंदरांत जकात माफ केली आहे. (हे नागपूर विदर्भातले नव्हे, ते कोकण किनाऱ्यावरचे.) हे बंधू बलिपत्तनच्या घराण्यातले. बलिपत्तन ही दक्षिण शिलाहारांची राजधानी, आणि काही संशोधकांच्या मते ती म्हणजेच खारेपाटण किंवा त्याचा परिसर.

८/ आता या कथेतला सर्वांत गोड योगायोग. रट्टराजाचा ताम्रपट प्रथम वाचून प्रसिद्ध करणारे विद्वान कोण? बाळशास्त्री जांभेकर. ‘दर्पण’ १८३२ साली सुरू करणारे, मराठी पत्रकारितेचे जनक. त्यांचे जन्मगाव पोंभुर्ले, देवगड तालुक्यातले, खारेपाटणच्या शेजारचे. मुंबईत स्थिरावलेला हा कोकणी माणूस एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात आपल्याच मुलखाचे पत्रे उलगडीत होता. पुढे जर्मन पंडित कीलहॉर्न यांनी ‘एपिग्राफिया इंडिका’च्या तिसऱ्या खंडात त्याची नवी आवृत्ती सिद्ध केली. दुसऱ्या ताम्रपटाचे वाचन काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांनी केले. पण पहिली नजर गेली ती शेजारगावच्या माणसाची.

९/ बाळशास्त्र्यांचे जन्मगाव चाकरमान्याला ठाऊक असते, ‘दर्पण’ शाळेत पाठ केलेले असते. त्यांनी वाचलेला ताम्रपट आपल्या एसटीच्या थांब्यावरचा, हे मात्र कोणी सांगितलेले नसते. गावी गेल्यावर नव्याने सापडते ते बहुधा असे: वस्तू जुनीच, जागाही रोजचीच, दोहोंना जोडणारा धागा तेवढा हाती नसतो.

१०/ धागा हाती आला की पेठ वेगळी दिसू लागते. येथे जुने जैन मंदिर आहे. १८८०च्या रत्नागिरी गॅझेटियरने दक्षिण कोकणात उरलेले हे एकमेव जैन मंदिर असल्याची नोंद केली. गावात मुसलमानांच्या जुन्या कबरी आहेत. टेकडीवर जेमतेम एकरभराचा किल्ला आहे. आरमार आणि जकात ज्याच्या हाती, त्याला ही टेकडी हवीच असे. शैव तपस्वी, जैन व्यापारी, मुसलमान दर्यावर्दी, मराठा शिबंदी हे सारे एका लहान गावात एकत्र आले, कारण माल येथे गलबतातून उतरून बैलावर चढत असे. जिथे वाहन बदलते तिथे माणसे थांबतात, आणि थांबलेली माणसे देऊळ, मशीद, दुकान उभे करतात.

११/ गलबते गेली. नदी पावसाळ्यात पेठेत शिरते, एवढीच तिची आता बातमी होते. नाका मात्र टिकला. २०२०च्या टाळेबंदीत मुंबईहून निघालेल्या चाकरमान्यांच्या गाड्या खारेपाटणच्याच तपासणी नाक्यावर रांगा लावून उभ्या होत्या. ई-पास, नोंदणी, विलगीकरणाचा शिक्का. ज्या ठिकाणी रट्टराजाच्या काळी परदेशी जहाजांचा हिशेब होत असावा, तिथे घरी परतणाऱ्या लेकरांना ‘कुठून आलात?’ हा प्रश्न विचारला गेला. त्या रांगेत अनेकांना आपले गाव प्रथमच परके वाटले.

१२/ आज चौपदरी महामार्गावरून गाडी न थांबता पुढे जाते. जहाजाला, बैलाला, एसटीला जे गाव टाळता येत नव्हते, ते मोटारीला सहज टाळता येते. म्हणून पुढच्या खेपेस तासभर राखून ठेवावा. पेठेतून पायी जैन मंदिरापर्यंत जावे, टेकडी चढावी, आणि भरतीची वेळ असेल तर नदीकाठी उभे राहावे. पाणी उलट्या दिशेने, समुद्राकडून डोंगराकडे चढताना दिसते. गलबते याच पाण्याच्या पाठीवर बसून येत असत.