पूल एलिसचा, काम हिंमतलालचं

अहमदाबाद
शुक्रवार, रात्री

ती. अण्णांस,
शि. सा. न. वि. वि.

सुखरूप पोचले. उतरण्याची सोय पालडीत झाली आहे. डाळ-भाजी गोड असते, पण पोटाला सोसतेय, आईला काळजी करू नको म्हणावं.

आज पूल पाहिला. स्टँडवर रिक्षावाल्या काकांना मुद्दाम ‘स्वामी विवेकानंद पूल’ असं सांगितलं. ते जरा घुटमळले आणि म्हणाले, ‘एटले एलिसब्रिज!’ पुलाच्या पूर्वेकडे जुनं शहर, पश्चिमेकडे नवं आणि मध्ये साबरमती. पूर्वी इथे वर्षातले बरेच महिने नुसती वाळू असायची, आता नर्मदेच्या कालव्याचं पाणी सोडून पात्र भरलेलं ठेवतात. त्यामुळे पूल बघायचा तर रिव्हरफ्रंटच्या खालच्या फरसबंद रस्त्यावर उतरावं लागतं. तुम्ही निघताना बजावलं होतं, आधी खालचं बघ, मग वरचं. तसंच केलं.

पाण्यातून गोल लोखंडी खांबांच्या जोड्या वर येतात. त्यांच्या डोक्यावर एकेक गाळा, आणि प्रत्येक गाळ्याच्या दोन्ही अंगांना धनुष्यासारखी वाकलेली पोलादी कमान. कमानीला हात लावता आला तिथे बराच वेळ उभी राहिले. रिव्हेटची डोकी एका ओळीत, एका अंतरावर बसवलेली आहेत, त्यांवर रंगाचे इतके थर चढलेत की काहींच्या कडा गोलसर झाल्यात. थर सुटलाय तिथे गंज आहे, पण ओळ कुठेही वाकडी झालेली नाही. शंभरहून अधिक पावसाळे झेललेलं काम आहे हे. १९९०च्या दशकाच्या अखेरीस दोन्ही बाजूंना काँक्रीटचे रुंद पूल बांधले, त्यांना विवेकानंदांचं नाव दिलं आणि वाहतूक तिकडे वळवली. जुना पूल मध्ये तसाच राहिला, वाहनांना बंद. २०२४ मध्ये गुजरात सरकारने त्याच्या डागडुजीसाठी सुमारे बत्तीस कोटी रुपये मंजूर केले. पाडून टाकला नाही, याचं मला फार बरं वाटलं.

जुने अहमदाबादकर तर त्याला एलिसब्रिजही म्हणत नाहीत. ते म्हणतात ‘लक्कडियो पूल’. लाकूड औषधालाही नाही, पण नाव लाकडाचं! कारण या जागेवरचा पहिला पूल लाकडी होता. इंग्रज इंजिनिअरांनी तो १८७०-७१ मध्ये बांधला, जवळजवळ साडेपाच लाख रुपये खर्चून. १८७५च्या पुरात दोन गाळे सोडून बाकी सगळा वाहून गेला. नवा पोलादी पूल व्हायला १८९२ उजाडलं, तरी लोकांच्या तोंडचं नाव त्या वाहून गेलेल्या पुलाचंच राहिलं. पुण्याचा लकडी पूलही असाच. तो दगडी झाला, पाटीवर संभाजी पूल असं लागलं, पण आत्या अजून ‘लकडी पुलावरून ये’ असंच सांगते.

आता तुम्हाला आवडेल अशी गोष्ट. हा पोलादी पूल बांधला हिंमतलाल धीरजराम भचेच या गुजराती इंजिनिअरने. लोखंड आणलं थेट बर्मिंगहॅमहून. अंदाजपत्रक होतं पाच लाखांचं. काम संपलं तेव्हा खर्च भरला चार लाख सात हजारांच्या आसपास. म्हणजे वाहून गेलेल्या लाकडी पुलापेक्षाही हा पोलादी पूल स्वस्तात झाला. अंदाजपत्रकापेक्षा खर्च कमी आला की वरून पहिला प्रश्न काय येतो, हे तुम्हाला, खात्यातल्या माणसाला, सांगायला नको. सरकारला संशय आला की हलका माल वापरला असणार. चौकशी बसली. तपासणीत निघालं की माल उत्तम आहे आणि काम पक्कं आहे. मग सरकारने हिंमतलालांना रावसाहेब ही पदवी दिली.

मला त्या चौकशीच्या दिवसांबद्दल फार वाटत राहिलं, अण्णा. इंग्रज इंजिनिअरांचा पूल पुरात गेला, त्याच जागी एका देशी माणसाने टिकाऊ पूल उभा केला, वर लाखभर रुपये वाचवले, आणि जाब द्यावा लागला तो त्यालाच. १९७३ साली साबरमतीला मोठा पूर आला, त्यातही हे खांब उभे राहिले. त्याहून मोठी तपासणी कुठली असणार?

आईला नमस्कार.

तुमची,
मुक्ता


अहमदाबाद
रविवार

ती. अण्णांस,
शि. सा. न. वि. वि.

मागच्या पत्रात एलिस कोण ते लिहायचं राहिलं. पुलाच्या पश्चिम टोकाला माणेकलाल जेठाभाई पुस्तकालय आहे, १९३८ मध्ये उघडलेलं. तिथे बसून शोधलं आणि जे वाचलं ते आधी तुम्हालाच कळवावंसं वाटलं. बॅरो हेल्बर्ट एलिस, जन्म लंडनचा, १८२३ सालचा, तिथल्या एका ज्यू घराण्यातला. १८४३ मध्ये मुंबई इलाख्याच्या नोकरीत आला आणि त्याची पहिली नेमणूक झाली ती आपल्या रत्नागिरीला, सहायक कलेक्टर म्हणून! पुढे तो सिंधमध्ये गेला, सिंधी भाषेसाठी अरबी वळणाची लिपी ठरली त्या कामात त्याचा मोठा वाटा होता. मग मुंबई सरकारचा मुख्य सचिव आणि पुढे व्हाइसरॉयच्या कौन्सिलात. तो १८८७ मध्ये वारला. म्हणजे आजचा पूल त्याने डोळ्यांनी पाहिलासुद्धा नाही.

माणूस कर्तबगार होता, हे मला मान्य आहे. पण या पुलातला एक खिळाही त्याच्या हातचा नाही, आणि तरीही पश्चिमेकडच्या अख्ख्या वस्तीला त्याचं नाव चिकटलं. एलिसब्रिज नावाचा भाग आहे, जिमखाना आहे, विधानसभेचा मतदारसंघ आहे. त्याला कारणही पूलच. पूल झाला म्हणून तटाच्या आतलं शहर नदी ओलांडून पलीकडे पसरलं. गांधीजींनी १९१५ मध्ये पहिला आश्रम काढला तो याच काठावर, कोचरबला. वास्तुकार ल कॉर्बुझिएने १९५४ मध्ये बांधलेली गिरणीमालकांच्या संघाची इमारतही इकडेच आहे.

आज सकाळी पूर्व टोकाला गेले. तिथे माणेक बुरूज आहे. अहमदशाहाने १४११ मध्ये शहर वसवलं, त्याच्याशी या बुरुजाचं नातं सांगतात. जवळच रायखडला गायकवाड हवेली, पेशवे आणि गायकवाड यांच्या अंमलाची खूण. पण मी गेले होते बागेसाठी. पूर्वी तिचं नाव व्हिक्टोरिया गार्डन. आत शिरलं की लोकमान्य भेटतात! खुर्चीत बसलेले. टिळकांचे पुतळे आपण पाहिले ते उभे, हात उगारलेले, पण इथे ते घरच्यासारखे खुर्चीत टेकून बसलेत आणि खाली स्वराज्याचं ते वाक्य कोरलंय. शेजारच्या बाकावर दोन म्हातारे वर्तमानपत्र वाटून घेऊन वाचत होते.

टिळक १९१६ मध्ये अहमदाबादला आले होते, तेव्हा स्वागताला हजारो लोक लोटले. १९२०च्या १ ऑगस्टला ते गेले. त्यानंतर वल्लभभाई पटेल इथल्या नगरपालिकेचे अध्यक्ष झाले आणि टिळकांच्या स्मारकासाठी त्यांनी जागा निवडली ती नेमकी इंग्लंडच्या राणीच्या नावाची बाग. कलेक्टर नाराज झाला, वल्लभभाई मागे हटले नाहीत. २८ फेब्रुवारी १९२९ रोजी गांधीजींच्या हस्ते पुतळ्याचं अनावरण झालं. सत्ता इंग्रजांची असताना, अण्णा, राणीच्या बागेत!

रत्नागिरीत नोकरीला लागलेल्या साहेबाचं नाव पुलाला, आणि रत्नागिरीत जन्मलेले टिळक त्याच पुलाच्या तोंडाशी. आपल्या गावातल्या किती जणांना हे ठाऊक असेल? शाळेत कोणी सांगितलं असतं तर टिळक आळीतून जाताना आम्ही पोरं वेगळ्या नजरेने बघत गेलो असतो.

नदीवरच्या बाकीच्या काही पुलांची नावं गांधी, नेहरू, सरदार, सुभाष. २०२२ मध्ये पायी जाणाऱ्यांसाठी अटल पूल झाला. सगळी मोठी माणसं, त्यांच्याविषयी आदर आहेच. पण ज्याने पूल बांधला त्याचं नाव यांतल्या एकालाही नाही. एलिसचं नाव पुसावं असं मला वाटत नाही. लोकांनी ते पत्ता म्हणून आपलं करून घेतलंय. हिंमतलालांचं नाव मात्र तिथे, कमानीशेजारी, ठळक अक्षरांत हवं. इतकं साधं आहे.

तुमची,
मुक्ता


भरूच
बुधवार

ती. अण्णा आणि आईस,
सा. न.

घाईत लिहितेय, गाडीची वेळ झाली आहे. नर्मदेवरचा गोल्डन ब्रिज पाहिला. १८८१चा. सोन्याचा मुलामा वगैरे काही नाही, लांबच लांब लोखंड. आधीचा रेल्वेपूल पुरांनी पुन्हा पुन्हा मोडला, दुरुस्तीवर आणि नव्या बांधकामावर इतका पैसा गेला की लोक म्हणू लागले, एवढ्यात सोन्याचा पूल झाला असता. कागदावर तो नर्मदा पूलच होता. लोकांनी मात्र त्याच्या खर्चावरून नाव पाडलं. मग मनात आलं, अकरा वर्षांनी हिंमतलालांनी लाखभर रुपये वाचवले, त्यावरून पुलाचं नाव पडलं असतं तर!

अण्णा, एक काम आहे. अहमदाबाद महानगरपालिकेला द्यायला अर्ज लिहिला आहे, पुलाजवळ हिंमतलालांच्या नावाचा आणि कामाचा फलक लावा असा. मसुदा सोबत जोडते. खांब, गाळे, कमानी यांचे शब्द बरोबर आहेत का ते तपासा आणि चौकशीचा परिच्छेद तुमच्या भाषेत नीट करून द्या, खात्याचा कागद कसा लिहायचा ते तुम्हाला माहीत. गुजरातीत उतरवायला इथल्या एक शिक्षिका तयार आहेत. डागडुजी पुरी होण्याआधी अर्ज पोचायला हवा, म्हणून उलट टपाली सुरतेच्या, माझ्या पुढच्या मुक्कामाच्या, पत्त्यावर पाठवा.

तुमची,
मुक्ता