किलोमीटर आणि तास

शाहूपुरीत राहणाऱ्या माणसाला प्रवासाची नवलाई वाटत नाही. रेल्वे स्टेशन जवळ, एस.टी. स्टँडही जवळ. हातात पिशवी घेऊन निघालेला कोणी ना कोणी रोज दिसतोच. पण अंतर म्हणजे काय, हे मला फार उशिरा समजले.

मित्रांनो, एक हिशेब करून पाहा. कोल्हापूर ते मुंबई हे अंतर सडकेने सुमारे ३८० किलोमीटर आहे. गाडीला आठ-नऊ तास लागतात. मुंबई ते जेद्दा हे हवाई अंतर सुमारे ३,५०० किलोमीटर आहे, म्हणजे नऊपटींहून अधिक. तरी विमान तेथे साधारण सव्वापाच तासांत पोहोचते. पूर्वी हजयात्रेकरू मुंबईहून बोटीने जात, तेव्हा कित्येक दिवस समुद्रावर काढावे लागत. ती बोट १९९५ साली बंद झाली.

घड्याळ आणखी एक गंमत करते. सौदी अरबस्तानातील वेळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे. सकाळी आठ वाजता मुंबईहून निघालेले विमान जेद्दाला उतरते, तेव्हा तेथे पावणेअकराच वाजलेले असतात! परतीचा प्रवास मात्र थोडा लवकर होतो. हिवाळ्यात आकाशात उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात आणि विमानाला मागून रेटा देतात.

माझा धाकटा भाऊ जेद्दाला नोकरी करीत असे. जानेवारी २०१४ मध्ये एके सकाळी अब्बांचे निधन झाले. मी त्याला फोन केला, तेव्हा आपल्याकडे साडेआठ आणि तेथे सहा वाजले होते. "भाईजान, मी निघतोच," एवढेच तो बोलला. पण त्याला जागा मिळाली ती रात्री दहाच्या विमानात. पहाटे सव्वापाचला तो मुंबईत उतरला. त्या काळी कोल्हापूर-मुंबई विमानसेवा बंद होती, म्हणून पुढे तो मोटारीने आला. घरी पोहोचला तेव्हा दुपारचे चार वाजले होते. फोन आल्यापासून साडेएकतीस तास उलटले होते. त्यांपैकी विमान हवेत होते जेमतेम पावणेपाच तास.

आपल्यात दफनविधीला उशीर करीत नाहीत. आदल्या दिवशी असरच्या नमाजानंतर आम्ही अब्बांना निरोप दिला होता. भाऊ स्टँडवरून घरी न येता थेट कब्रस्तानात गेला असता, तरी त्याला मातीच दिसली असती.

तेव्हापासून कोणी "जेद्दा काय, पाच तासांवर आहे," असे म्हणाले, की मी विचारतो, "विमानतळापासून विमानतळापर्यंत, की दारापासून दारापर्यंत?" नकाशावरचे अंतर पट्टीने मोजता येते. दूर गेलेल्या माणसाचे अंतर मात्र घरी वाट पाहणाऱ्यालाच कळते.

त्या दिवशी अम्मीने भावाला काहीच विचारले नाही. तिने आधी त्याच्यापुढे जेवणाचे ताट ठेवले.