उद्घाटनानंतर काय?

‘ग्रामविकास’ म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? मंडप, नारळ, फीत, हार-तुरे आणि दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो! पाच वर्षांनी त्याच जागी फोटो काढायला मात्र कोणी जात नाही. मी ती पाच वर्षं तिथेच होतो, कारण ते माझं गाव आहे.

आमच्याकडे २०११ साली पाणीयोजना झाली. मी तेव्हा दुसरीत होतो. नदीकाठी विहीर, विहिरीवर मोटर आणि गावात उंच टाकी. दोन वर्षं घरोघरी नळाला पाणी आलं. आईच्या डोक्यावरची घागर सुटली. मग वीजबिल थकलं, कारण अर्ध्या गावाने पाणीपट्टी भरलीच नव्हती. कनेक्शन तुटलं. चार महिन्यांनी कसंबसं जोडलं, तर मोटर जळली. पाणी सोडणाऱ्या काकांचा पगार होईना, म्हणून तेही एमआयडीसीत कामाला गेले. टाकी आजही उभी आहे, कुठे तडा नाही. बांधकाम एकदम एक नंबर! फक्त आत पाणी नाही.

सिव्हिलला आल्यावर पाणीपुरवठा शिकलो. लोकसंख्येचा अंदाज, माणशी रोजचं पाणी, पंपाचं हेड, पाइपचा व्यास... सबमिशनसाठी अख्खी योजना कागदावर काढली. त्या हिशोबाने आमच्या गावच्या योजनेला पैकीच्या पैकी मार्क पडायला हवेत. मग घोडं अडलं कुठे?

सुट्टीत घरी गेलो तेव्हा जुन्या थकबाकीबद्दल चार जणांना विचारलं आणि एक गोष्ट लक्षात आली. पट्टी न भरणाऱ्यांत गरीब कमीच होते. ज्यांच्या दारात स्वतःचं बोअर, त्यांना नळाची गरजच नव्हती. ग्रामसभेत आवाजही त्यांचाच. ज्यांना गरज होती त्या बाया ग्रामसभेच्या वेळी दुसऱ्याच्या रानात खुरपायला गेलेल्या. आमची आईसुद्धा! म्हणजे प्रश्न मोटरचा नव्हता, पाणी नक्की कोणाचं हा होता.

हा प्रश्न एका इंजिनिअरनेच पन्नास वर्षांपूर्वी हातात घेतला होता, हे आपल्याला कोणत्याच सेमिस्टरला सांगत नाहीत. विलासराव साळुंखे पुण्याचे इंजिनिअर आणि उद्योजक. १९७२ चा दुष्काळ पाहून ते पुरंदर तालुक्यातल्या नायगावला गेले आणि तिथून ‘पाणी पंचायत’ उभी राहिली. तिचे नियम बघा. पाणी जमिनीच्या एकरांवर नाही, घरातल्या माणसांवर. माणशी अर्धा एकर भिजेल इतकं, आणि एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांपुरतं. भूमिहीनालाही वाटा. ऊस लावायचा नाही. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्यासोबत विकता येत नाही. खर्चातला काही भाग गावकऱ्यांनी स्वतः भरायचा. यात पाइपच्या व्यासाइतकाच काटेकोर हिशोब आहे, पण तो माणसांचा आहे!

दुसरं उदाहरण हिवरे बाजारचं. १९८९ पासून पोपटराव पवारांच्या पुढाकाराने तिथे काम सुरू झालं. बंधारे आणि चर तर अनेक गावांत झाले. हिवरे बाजारने त्यापुढे जाऊन शेतीसाठी बोअरवेल बंद ठेवली आणि दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडला. पाऊस किती पडला ते बघून कोणतं पीक घ्यायचं हे ग्रामसभा ठरवते.

आता तुम्ही म्हणाल, प्रत्येक गावाला पोपटराव कुठून आणायचे? खरंय. एका माणसावर उभी राहिलेली कामं तो थकला की बसतात. म्हणून माणसापेक्षा नियम टिकला पाहिजे आणि हिशोब सगळ्यांना दिसला पाहिजे. आपल्या मेसचंच बघा ना! भाजीवरून रोज शिव्या घालतो, पण महिन्याचा हिशोब बोर्डावर लागतो, कमिटी बदलते आणि मेस चालू राहते. (चव हा वेगळा विषय...)

जलजीवन मिशन २०१९ साली सुरू झालं. प्रत्येक ग्रामीण घरात नळ आणि माणशी रोज ५५ लिटर पाणी हे त्याचं उद्दिष्ट. मुदत २०२४ ची होती, ती २०२८ पर्यंत वाढवल्याचं २०२५ च्या अर्थसंकल्पात जाहीर झालं. म्हणजे गावोगावी पुन्हा पाइप पडणार, पुन्हा नारळ फुटणार. वीजबिल कोण भरणार, हे नारळ फुटायच्या आधी ठरलं नाही तर टाक्यांची संख्या तेवढी वाढेल.

‘पदवी घेऊन मी गावाला परतणार’ अशी घोषणा मी करणार नाही. प्लेसमेंटच्या रांगेत मीही उभा आहे. पण मित्रांनो, दिवाळीला घरी जाल तेव्हा एवढं करा. गावच्या योजनेचं वीजबिल किती आलं, पाणीपट्टी किती जमली आणि मोटर बिघडली तर दुरुस्तीचे पैसे कुठे ठेवलेत, हे तीन आकडे ग्रामपंचायतीत जाऊन विचारा. मिळाले तर भिंतीवर लिहायला सांगा. नाही मिळाले तर ग्रामसभेत विचारा, आणि ती सभा संध्याकाळी, बाया रानातून परतल्यावर घ्यायला लावा. एवढ्यासाठी डिग्री लागत नाही, बेरीज-वजाबाकी पुरते!