चावी काकूंकडे, मत माझ्याकडे

"गोराईला आमचं घर आहे," असं मी शारजातल्या शाळेच्या स्टाफरूममध्ये पहिल्यांदा म्हटलं, तेव्हा शेजारी बसणाऱ्या केरळच्या टीचरनी लगेच फोनवर गोराई शोधून काढली. समुद्र, चौपाटी, सोनेरी पॅगोडा. "अगं, तुझं बीच हाऊस आहे की!" म्हणाल्या. मी दुरुस्ती केली नाही. दोन-चार महिने तो मान मिरवून घेतला.

गोराई दोन आहेत. खाडीपलीकडे जुनं गाव, ईस्ट इंडियन लोकांची घरं, मासळी, चौपाटी. आणि खाडीच्या अलीकडे, बोरिवली पश्चिमेला, म्हाडाची वसाहत. आमचं घर अलीकडचं. १९८५ साली जागतिक बँकेच्या कर्जावर मुंबईत जी योजना आली, तिच्यात चारकोप आणि गोराईला छोटे छोटे प्लॉट पडले. म्हाडाने प्लॉट, रस्ता, नळ आणि गटार द्यायचं, घर ज्याचं त्याने ऐपतीप्रमाणे बांधायचं. मधे चौक आणि भोवती पस्तीस घरं, ती एक सोसायटी. बाबा गोदीत होते. परळच्या चाळीतून ते इकडे आले तेव्हा नातेवाइकांनी वेड्यात काढलं होतं. वारा फिरला की डंपिंगचा वास यायचा, संध्याकाळी डासांचे थवे. आईने पहिली दोन वर्षं खिडक्या उघडल्या नाहीत. बाबांनी आधी खालची खोली बांधली, माझ्या दहावीच्या वर्षी वरची. त्या २५ चौरस मीटरच्या तुकड्याला केरळच्या टीचर बीच हाऊस म्हणत होत्या.

मी आणि नवरा २००८पासून शारजात. २०१७ साली आईही गेली. ताई डोंबिवलीला स्वतःच्या घरात सुखी, तिने हक्कसोड करून दिलं आणि घर माझ्या एकटीच्या नावावर आलं. तेव्हापासून लोक विचारतात, तुमचं दुसरं घर का ते? मला याचं उत्तर सुचत नाही. शारजातलं घर भाड्याचं, वर्षाचं भाडं पुढच्या तारखांच्या चेकांनी आगाऊ द्यायचं, आणि व्हिसा नोकरीला बांधलेला. नोकरी सुटली की तो देशही सुटतो. तिथे मी राहते ते असं, आणि जिथे घर माझं आहे तिथल्या प्रत्येक कागदावर मी अनिवासी.

या शब्दाचा अर्थ मला नीट कळला तो २०१८च्या मे महिन्यात. पहाटे तीनला उतरले, टॅक्सी करून चौकात पोचले. कुलूप निघेना. खाडीची खारी हवा सहा महिन्यांत पितळेलाही सोडत नाही. शेजारच्या काकूंनी आवाज ऐकून दार उघडलं, खोबरेल तेलाची बाटली आणली, दोन थेंब सोडले, चावी हलवत हलवत फिरवली. आत गेले, बटण दाबलं. अंधार. मीटरची जागा रिकामी होती.

"अगं, लाईटवाले येऊन गेले. मी म्हटलं त्यांना, बाई परदेशात आहे. ते म्हणे, बिल परदेशातनं भरा."

बिल माझ्या बचत खात्यातून आपोआप जायचं. पण बँकेने केवायसीसाठी खातं गोठवलं होतं, आणि तसं कळवणारे मेसेज ज्या भारतातल्या नंबरवर येत होते ते सिम मी शारजाच्या ड्रॉवरमध्ये ठेवून विसरले होते. रिचार्ज नाही, वापर नाही, नंबर बंद. बँक सुरू करायला ओटीपी हवा, ओटीपीला नंबर हवा, नंबर परत मिळवायला आधार हवं, आणि आधारला जोडलेला नंबर तोच. काकूंनी त्या रात्री त्यांच्या प्लगमधून वायर काढून मधल्या भिंतीवरून माझ्या खोलीत टाकली. एक पंखा, एक दिवा. चार दिवस मी काकूंच्या वायरीवर राहिले. बिल किती झालं विचारलं तर म्हणाल्या, "तुझ्या आईने माझी मुंजीची लाडवाची कढई दहा वर्षं वापरली, त्याचं काय?"

बँकेत गेले तर तिथला अधिकारी सभ्यपणे म्हणाला, मॅडम, खातं गोठलंय ते सोडा, तुम्ही दहा वर्षं बाहेर असताना हे साधं बचत खातं ठेवणंच चुकीचं होतं. फेमा कायद्याप्रमाणे परदेशी राहायला गेलं की खातं एनआरओ करून घ्यायचं असतं. भारतातलं भाडं, व्याज, पेन्शन यांची जागा एनआरओ. बाहेरून पाठवलेले पैसे एनआरईमध्ये, ते कधीही परत नेता येतात. एनआरओमधली जमा बाहेर न्यायची तर वर्षाला दहा लाख डॉलरची मर्यादा. ही मर्यादा ऐकून मला त्या स्थितीतही हसू आलं. आमच्या चौकातल्या कुणाला तिची अडचण होईल असं वाटत नाही.

पैसे पाठवणं मात्र सोपं. दिऱ्हम १९९७पासून डॉलरला बांधलेला, त्यामुळे रुपया डॉलरपुढे घसरला की शारजातल्या एक्स्चेंजसमोर रांग लागते. टीव्हीवर इकडचे लोक रुपयाची चिंता करत असतात आणि आम्ही रांगेत एकमेकांना रेट विचारत असतो. लाज वाटते, पण रांग सोडत नाही.

मग आम्ही ठरवलं, घर भाड्याने देऊ. बंद घर सडतं. एजंटने चांगलं जोडपं आणलं, नवरा-बायको दोघं कांदिवलीला नोकरीला. करार लिहायला बसलो आणि मी अनिवासी असल्याचं निघालं. घरमालक इथला असता तर त्या पगारदार मुलाने नुसतं भाडं दिलं असतं. मालकीण अनिवासी, तर पहिल्या रुपयापासून तीस टक्के आणि वर सेस, इतका टीडीएस त्याने कापायचा, त्यासाठी टॅन नंबर काढायचा, दर तीन महिन्यांनी विवरण भरायचं. तो मुलगा माझ्याकडे बघत राहिला. एजंट मला बाजूला घेऊन म्हणाला, "मॅडम, कशाला एनआरआय लिहिता? भाडं ताईंच्या खात्यात घ्या."

पहिलं वर्ष मी तेच केलं, लपवत नाही. दुसऱ्या वर्षी ताईच्या रिटर्नमध्ये ते भाडं कुठून आलं हे तिच्या सीएला सांगता सांगता तिची झोप उडाली आणि त्या सीएने फोनवर मला वीस मिनिटं झापलं. करार संपल्यावर घर पुन्हा बंद केलं. कर भरायची माझी तयारी आहे, तो भारतात भरायलाच हवा. पण अनिवाशाचा कर वसूल करायचं काम एका पोरसवदा भाडेकरूच्या गळ्यात टाकलं की घरं बंद राहतात किंवा खोटी होतात. माझं घर आधी खोटं झालं, मग बंद.

विकायचा विचार २०२४मध्ये आला. त्या जुलैत भांडवली नफ्याचा कायदा बदलला. जुन्या घरांसाठी इथल्या रहिवाशांना निवड मिळाली, महागाईचा हिशेब लावून वीस टक्के किंवा न लावता साडेबारा, जे कमी पडेल ते. अनिवाशाला ही निवड नाही, सरळ साडेबारा. ताईने हक्क सोडला नसता तर त्याच घराच्या तिच्या अर्ध्याला निवड मिळाली असती आणि माझ्या अर्ध्याला नाही. मी विकलं नाही. त्याचं कारण कर नव्हतं. चौकात पुनर्विकासाची बोलणी सुरू झाली होती.

त्यासाठी ताईच्या नावाने मुखत्यारपत्र केलं. दुबईच्या भारतीय वाणिज्य दूतावासाचं साक्षांकन, फोटो, दोन साक्षीदार, एक अख्खी सुट्टी. कागद भारतात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर इथलं मुद्रांक शुल्क भरावं लागतं, रक्ताच्या नात्यात मोबदला नसेल तर रक्कम किरकोळ असते. ते झालं आणि मी निर्धास्त झाले. ताई घर विकू शकते, कर भरू शकते, बिल्डरच्या करारावर सही करू शकते. आता काय राहिलं?

राहिला होता हात. सेक्रेटरींचा फोन आला. पुनर्विकासाची विशेष सभा आहे, ताईंना बसता येईल, पण मत देता येणार नाही. सहकार कायद्याप्रमाणे सभासदाने स्वतः हजर राहून मत द्यायचं, प्रतिनिधी चालत नाही. मी दोनदा विचारलं. म्हणजे त्या कागदावर ताई माझं अख्खं घर विकू शकते, पण चौकात खुर्चीवर बसून हात वर करू शकत नाही? "तसंच आहे, मॅडम," ते म्हणाले. त्यांचाही इलाज नव्हता.

शारजात २०२२पासून आठवडा चार दिवसांचा आहे, शुक्रवार ते रविवार सुट्टी. म्हणून जमलं. गुरुवारी रात्री शाळेतून थेट विमानतळ. विमान जेमतेम तीन तासांचं. मुंबईचं घड्याळ दीड तास पुढे, त्यामुळे उतरते तेव्हा नेहमी पहाटच असते. शनिवारी घर झाडलं, टाकी धुतली. फ्रिजच्या दाराला उघडं राहावं म्हणून लावलेली वर्तमानपत्राची घडी काढली, ती मागच्या गणपतीतली होती. मेट्रोने कांदिवली पश्चिमला जाऊन मावशीला भेटून आले. २अ मार्गिका पूर्ण झाल्यापासून लिंक रोडवरच्या माझ्या निम्म्या शिव्या कमी झाल्या आहेत. बोरिवली पश्चिम स्टेशनवरून घरी मात्र अजून रिक्षाच, आणि सुटे नाहीत हे वाक्यही तेच.

रविवारी अकराला चौकात खुर्च्या मांडल्या. निबंधकांनी नेमलेला अधिकारी आला, व्हिडिओवाला आला, कारण २०१९च्या शासन निर्णयाप्रमाणे पुनर्विकासाच्या सभेचं चित्रीकरण करावं लागतं. सभेला दोन तृतीयांश सभासद लागतात. पस्तिसांत चोवीस. आम्ही मोजले. बावीस. अर्धा तास थांबलो, कुणी फोन लावले, एका काकांना रिक्षात घालून आणलं. तेवीस.

न आलेल्या बारांची यादी करायला लागलो तेव्हा चित्र कळलं. एक कुटुंब कॅनडात. एक मुलगी आयर्लंडला नर्स. दोन घरं आखातात. एकाचे मालक वारलेले आणि वारसांची नोंद अजून झालेली नाही. उरलेले विरारला, बदलापूरला राहायला गेलेले, इथे भाडेकरू ठेवून, त्यातल्या तिघांना सभेची नोटीसच मिळाली नव्हती म्हणे. पस्तीस घरांच्या चौकात एक माणूस कमी पडला. अधिकाऱ्यांनी सभा तहकूब केली. व्हिडिओवाल्याने कॅमेरा मिटला. काकूंनी सगळ्यांना केलेला चहा तेवढा संपला.

रात्रीच्या विमानाने परत निघायचं होतं. सामान आवरत असताना काकू आल्या. त्यांचा मुलगा नालासोपाऱ्याला मोठं घर घेतोय, तेही जातील. "चावी कुणाकडे देऊ, सांगून ठेव," म्हणाल्या. मी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. घराची आठ वर्षांची देखभाल, मीटरवाल्यांशी बोलणं, पावसाळ्यात वरची पत्र्याची गळती, गॅसचं बुक, हे सगळं त्या एका चावीवर चाललं होतं आणि मी स्वतःला घरमालकीण समजत होते.

जाता जाता सेक्रेटरींनी एक उपाय सांगितला, तो आधीच माहीत असता तर तिकिटाचे पैसे वाचले असते. कायद्यात २०१९च्या दुरुस्तीनंतर सहयोगी सभासद करता येतो. नवरा, बायको, आई-वडील, भाऊ, बहीण, मुलं, जावई, सून, पुतण्या, भाचा यांपैकी कुणीही, शेअर सर्टिफिकेटवर नाव नसलं तरी. सभासदाने लेखी शिफारस करायची आणि आधी लेखी संमती द्यायची, मग तो सहयोगी सभासद त्याच्या जागी हक्क बजावू शकतो. मी विमानतळावर बसून ताईच्या नावाचा अर्ज लिहिला, फोटो काढून सेक्रेटरींना पाठवला, मूळ प्रत पोस्टाने पाठवली.

तुमचं घर गोराईत, चारकोपात किंवा आणखी कुठल्या सोसायटीत बंद असेल आणि तुम्ही बाहेर असाल, तर मुखत्यारपत्राच्या जोडीने हा अर्जही आजच द्या. आमची तहकूब सभा पुढच्या रविवारी आहे. ताई डोंबिवलीहून सकाळीच निघणार आहे. चावी सध्या तिच्याकडे आहे.