चेंडू आणि हुकूम

क्रिकेटच्या मैदानावर अकराजण सारखेच पांढरे कपडे घालून उतरतात; तरी त्यांपैकीं एकाच्या हातीं एक निराळाच अधिकार असतो. त्यानें बोट दाखविलें कीं दुसऱ्यानें चार पावलें सरकावयाचें. गुण ज्याचा त्याला मिळवितां येतो. हा अधिकार मात्र इतरांनीं द्यावा लागतो. पालवणकर बंधूंची हकीकत मनांत आली म्हणजे हा भेद मला फार बोचतो.

थोरले बाळू तेव्हां अस्पृश्य गणल्या गेलेल्या चर्मकार समाजांत जन्मले. पुण्यास युरोपियनांच्या क्लबांत ते मैदानाची निगा राखीत व साहेबांना सरावासाठीं चेंडू टाकीत. त्यांच्या डावखुऱ्या फिरकीची कीर्ति झाली, तेव्हां पुण्याच्या हिंदु संघानेंहि त्यांना घेतलें. चहा मात्र त्यांना बाहेर, मातीच्या निराळ्या भांड्यांतून मिळे! १९०६ सालीं मुंबईंत हिंदूंनीं युरोपियनांना १०९ धावांनीं हरविलें, त्यांत आठ गडी बाळूंनीं बाद केले. १९११ च्या इंग्लंडच्या दौऱ्यांत त्यांचे ११४ बळी झाले.

इतकें होऊनहि हिंदु संघाचें कर्णधारपद त्यांना मिळालें नाहीं. १९२० सालीं पै यांची नेमणूक झाली, तेव्हां विठ्ठल व शिवराम या धाकट्या बंधूंनीं निषेध म्हणून संघांतून अंग काढून घेतलें. अखेर बाळूंना उपकर्णधार करण्यांत आलें. त्यापुढें पायरी चढूं दिली नाहीं.

असें कां व्हावें? दुसऱ्याचा गुण वापरण्यांत आपला मोठेपणा शाबूत राहतो. त्याचा हुकूम ऐकण्यांत तो डळमळूं लागतो. गोलंदाजाचीं बोटें सर्वांना हवीं असतात, पण तेंच बोट आपल्याला जागा दाखवूं लागलें कीं सोसवत नाहीं. घर काय, कचेरी काय, सर्वत्र हाच न्याय! ज्याच्या कष्टांवर काम चालतें, त्याला मसलतीला बसवावयाचें म्हटलें कीं, आपल्याला एकाएकीं त्याच्या शंभर उणीवा दिसूं लागतात.

१९२३ सालीं विठ्ठल चौरंगी सामन्यांत हिंदूंचे कर्णधार झाले, आणि युरोपियनांचा पराभव करून त्यांनीं अजिंक्यपद मिळविलें. सवर्ण खेळाडू त्यांच्या सांगण्यावरून जागा बदलीत होते, आणि त्यामुळें कोणाचें कांहीं बिघडलें नाहीं. इतकी साधी गोष्ट पटावयास एका उत्कृष्ट खेळाडूचें सारें क्रीडाजीवन खर्चीं पडलें!

धाकट्याला मिळालें म्हणजे थोरल्याचें देणें फिटलें, असें म्हणण्याचा मोह होतो. पण अन्यायाचा हिशेब कुटुंबाच्या नांवावर मांडतां येत नाहीं. १९५५ सालीं बाळू वारले. त्यांचे बळी आपण मोजून ठेवले आहेत. त्यांना नाकारलेलीं वर्षें कोणीं मोजावयाचीं?