आधी हवा, मग पेटी

घरी संगणकाची कॅबिनेट बांधायची म्हटलं की चर्चा लगेच लाकूड की पत्रा, काच की ॲक्रिलिक इकडे वळते. माझ्या मते हा प्रश्न सर्वांत शेवटी घ्यावा. पहिला प्रश्न हवेचा आहे: ती कुठून आत येणार, कुठून बाहेर पडणार आणि येताना सोबत काय आणणार? नेवासा तालुक्यातल्या घोडेगावात तर याला बगल देताच येत नाही. गाव नगर–संभाजीनगर महामार्गावर, कांद्याची मोठी बाजारपेठ, जनावरांचा बाजार, आणि उन्हाळ्यात पारा चाळिशीपार. रस्त्याची बारीक धूळ आणि कांद्याची हलकी टरफलं वाऱ्याबरोबर घरात शिरतात. समोरून पूर्ण काचेची तयार कॅबिनेट एसीच्या खोलीत ठीक आहे. इथे ती हवा अडवते आणि फटीफटीतून धूळ ओढते. म्हणून घरी बांधण्यामागचं खरं कारण मी हौसेत किंवा बचतीत शोधत नाही. या गावच्या हवेला जुळणारी पेटी दुकानात मिळत नाही, हे ते कारण.

कांदा साठवणाऱ्याला यातलं निम्मं आधीच माहीत असतं. चाळीचा तळ जमिनीपासून उचललेला, बाजूंना फटी सोडून ठोकलेल्या पट्ट्या, ढीग बेताच्या उंचीचा. कारण कोंडलेली ऊब कांदा सडवते. संगणकाचंही तसंच, फक्त इथे वाऱ्याची वाट न बघता पंखे लावावे लागतात. हिशेब सोपा आहे. आतले भाग मिळून ३०० वॅट उष्णता टाकत असतील आणि दर मिनिटाला दीड घनमीटर हवा पेटीतून जात असेल, तर ती हवा साधारण १० अंशांनी तापते. खोलीत ४० अंश असतील तर बाहेर पडणारी हवा ५० अंशांची. जाळी धुळीने बुजून हवा निम्मी झाली की हीच वाढ २० अंशांवर जाते. शंभरीच्या आसपास पोचलेला प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग कमी करतो, आणि मालक समजतो की संगणक जुना झाला.

‘लाकूड उष्णता वाहून नेत नाही, मग प्लायची पेटी तापणारच,’ हा आक्षेप हमखास येतो. ॲल्युमिनियम लाकडापेक्षा हजारपटींहून अधिक उष्णतावाहक आहे, हे खरंच. पण प्रोसेसर पेटीच्या भिंतीला टेकलेला नसतो. त्याची उष्णता हवेवाटे बाहेर जाते. हवा नीट वाहत असेल तर भिंत कशाची याने फारसा फरक पडत नाही. लाकूड पेट घेईल ही भीतीही तपासून पाहावी. पेटायला अडीचशे अंशांच्या वर तापमान लागतं, आतली हवा त्याच्या जवळपासही जात नाही. धोका असेल तर ठिणगीचा. म्हणून एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा भाग, त्याच्या पोलादी डब्यातून कधीही बाहेर काढू नये आणि अर्थिंग नसलेल्या प्लगवर संगणक चालवू नये. तिसरा आक्षेप मात्र मला पूर्ण मान्य आहे: धातूची पेटी विद्युतचुंबकीय लहरी अडवते, प्लाय अडवत नाही. त्यावर उपाय म्हणजे आतून पातळ ॲल्युमिनियमचा पत्रा लावून तो एसएमपीएसच्या अंगाशी स्क्रूने जोडणं. लाकडाला या क्षेत्रात परंपराही आहे. १९७६ सालचा ॲपल-१ पेटीविना, नुसता बोर्ड म्हणून विकला गेला; लाकडी पेटीत बसवलेला एक नग स्मिथसोनियन संग्रहालयात आहे.

खरी कसोटी मागच्या बाजूला लागते. मदरबोर्डचे सॉकेट सुमारे एक मिलिमीटर जाड पत्र्यातून डोकावतील अशा बेताने केलेले असतात. तिथे १२ एमएमचा प्लाय आला की केबलची पिन आत पोचतच नाही, आणि ग्राफिक्स कार्डची पट्टीही नीट बसत नाही. त्यामुळे तीन बाजू प्लायच्या असल्या तरी मागची बाजू पत्र्याचीच हवी. सॉकेटच्या पट्टीसाठी १५८.७५ × ४४.४५ मिलिमीटरची खिडकी कापायची असते. एक मिलिमीटर इकडेतिकडे झाला तर पट्टी एक तर खुळखुळते, नाही तर बसत नाही. सर्वांत शहाणा मार्ग म्हणजे भंगारातून एखादी जुनी कॅबिनेट आणून तिची मागची बाजू आणि बोर्डाचा ट्रे अखंड कापून घेणं. एटीएक्स हे माप १९९५ पासून चालत आलेलं असल्याने वीस वर्षांपूर्वीचा ट्रे आजच्या बोर्डालाही चालतो. अशा ट्रेभोवती सुताराने गुण्या लावून काटकोनात बांधलेली पेटी पुढचे दोन-तीन बोर्ड सहज पचवते. तयार कॅबिनेट स्वस्त पडते असं म्हणणाऱ्यांनी हे आयुष्यही हिशेबात धरावं.

धुळीचा बंदोबस्त पंख्यांच्या मांडणीत आहे. आत हवा ढकलणारे १२० एमएमचे दोन पंखे समोर, जाळीमागे. बाहेर फेकणारा एकच, मागे वरच्या बाजूला. आत येणारी हवा जास्त असली की उरलेल्या फटींतून हवा बाहेर पडते, धूळ आत ओढली जात नाही. पेटलेली उदबत्ती सांध्यांजवळ धरली की हे लगेच कळतं: धूर आत खेचला जात असेल तर मागचा पंखा जोरात फिरतो आहे किंवा समोरची जाळी फार दाट आहे. जाळी डासांच्या जाळीचीच, पण पंख्यांच्या तोंडापेक्षा दुप्पट-तिप्पट क्षेत्रफळाची, म्हणजे थोडी बुजली तरी श्वास कोंडत नाही. ती चुंबकाने चिकटणारी असावी. स्क्रू काढून धुवावी लागणारी जाळी कुणी धूत नाही, आणि घोडेगावात कांद्याच्या हंगामात ती दर आठवड्याला धुवावी लागते.