ओठ ह्यांचे नाहीत

बाबांचं चित्र पूर्ण करून आईसमोर धरलं तेव्हा तिने चष्मा पदराने पुसला, परत लावला आणि म्हणाली, "ओठ ह्यांचे नाहीत." आत कुकरची शिट्टी झाली, ती उठून गेली. अभिप्राय संपला.

त्यानंतरचे सहा रविवार मी ओठच रंगवत होतो. वरचा ओठ पातळ केला, खालच्या ओठाखालची सावली गडद केली. कोपरे जरासे वर घेतले तर बाबा निवडणुकीच्या फलकावरच्या उमेदवारासारखे दिसायला लागले. तेवढ्या जागेवर रंगाचे इतके थर चढले की बोट फिरवलं तर खरबरीत लागायचं. आई दर वेळी बघायची आणि म्हणायची, "अजून नाहीत."

मी व्यक्तिचित्रण शिकायला लागलो तो पन्नाशीला टेकल्यावर. सदाशिव पेठेत एका जुन्या वाड्याच्या माडीवर रविवारी सकाळी आम्ही सात-आठजण जमतो. कोणीतरी मॉडेल म्हणून बसतं, बहुतेक वेळा घरमालकांची आई, कारण ती न हलता बसते आणि मधेच डोळा लागला तरी तिचा चेहरा बदलत नाही. शेवटचा अर्धा तास ब्रश खाली ठेवायचे, चित्रं भिंतीला टेकवून लावायची आणि प्रत्येकाने दुसऱ्याच्या चित्राबद्दल बोलायचं. ज्याचं चित्र त्याने मात्र गप्प राहायचं. ही अट ऐकायला सोपी आहे. "उजेड बदलला हो", "आज हात बसलेलाच नव्हता" ही वाक्यं दाताआड धरून ठेवायला किती बळ लागतं, हे तिथे बसल्यावरच कळतं.

"छान" या शब्दाला आमच्याकडे बंदी आहे. आम्हाला शिकवणाऱ्या सरांचं म्हणणं, छान म्हणणाऱ्याला चहाची घाई असते. त्यांना 'कुठे' हवं असतं. डोळे किलकिले करून बघा, बारकावे विरघळू द्या, उजेड-सावलीचे ढोबळ आकार उरतील, त्यांत कुठे खटकतं ते बोट ठेवून सांगा. नवशिक्यांच्या चुका तशा ठरलेल्याच. डोळे डोक्याच्या उंचीच्या साधारण मध्यावर असतात. आपण ते वर सरकवतो, कारण कपाळात बघण्यासारखं काही नाही म्हणून ते आपण उरकून टाकतो. बुबुळाभोवतीचं पांढरं आपण ट्यूबमधून आलं तसं पांढरं लावतो. खरं तर पापणीच्या सावलीत ते चांगलं करडं असतं.

हे सगळं पाठ झाल्यावर माझी जीभ सुटली. वर्गात इंजिनिअरिंगला असलेला एक मुलगा आहे. मॉडेल म्हणून बसणाऱ्या त्या आजींचं त्याने केलेलं चित्र मी पंधरा मिनिटं उलगडून दाखवलं. अकरा चुका. मोजल्या होत्या मी. कान भुवईपासून नाकाच्या बुडापर्यंत हवा, तो छोटा झालाय. गालाची कड सगळीकडे सारखीच धारदार आहे. मान खांद्यातून न येता वरून खोचल्यासारखी दिसते, वगैरे. पोरगा माना डोलवत राहिला, वहीत लिहूनही घेतलं. दोन रविवार आला नाही. तिसऱ्या रविवारी तेच चित्र घेऊन आला. अकराच्या अकरा चुका दुरुस्त होत्या आणि आजी पासपोर्टच्या फोटोला बसल्यासारख्या दिसत होत्या. आधीच्या चित्रात त्या आता उठून कोणालातरी रागावतील असं वाटायचं. ते गेलं होतं. मी सांगितलेल्या अकराही गोष्टी बरोबर होत्या, हे मला आजही छातीवर हात ठेवून सांगता येईल. पण त्या सांगायला नको होत्या. निदान एका दमात तरी नको. सरांनी मला एवढंच विचारलं, "काय चांगलं होतं ते त्याला सांगितलं होतंस का? मग ते जपायचं आहे हे त्याला कसं कळणार?"

बघणाऱ्याला काहीतरी खटकतं ते बहुधा खरंच असतं. पण बोट ठेवलं जातं ते डोळ्यात भरणाऱ्या जागी. जॉन सिंगर सार्जंटने 1884 साली पॅरिसच्या सलोन प्रदर्शनात 'मादाम एक्स' हे व्यक्तिचित्र मांडलं तेव्हा काळ्या पोशाखाचा खांद्यावरून ओघळलेला पट्टा बघून लोक खवळले. चित्रातल्या बाईंची आई चित्र काढून घ्या म्हणून मागे लागली. त्याने चित्र हलवलं नाही. पुढे पट्टा मात्र खांद्यावर चढवून रंगवला. आता न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे ते हेच, पट्टा वर असलेलं. छापील चित्रात बघा, वळवलेली मान आणि टेबलावर रेटलेला हात यांतली गुर्मी तशीच आहे. लोकांना झोंबली होती ती गुर्मी, असा माझा अंदाज. तक्रार मात्र पट्ट्याची झाली. कौतुकाचंही असंच. सावळाराम हळदणकरांनी आपल्या मुलीला दिवा हातात देऊन उभं केलं आणि जलरंगात रंगवलं; म्हैसूरला असलेलं ते चित्र कित्येक लोक अजूनही राजा रविवर्म्याचं म्हणून वाखाणतात. दाद खरी, पत्ता चुकीचा.

हे सगळं मला दुसऱ्यांच्या चित्रांबाबत कळत होतं. स्वतःच्या घरी मी ओठच रंगवत होतो.

उलगडा झाला तो सलूनच्या खुर्चीत. कोपऱ्यावरच्या ज्या काकांनी बाबांचे केस तीस वर्षं कापले त्यांना सहज मोबाइलवर चित्र दाखवलं. त्यांनी हात पुसून दोन बोटांनी चित्र मोठं केलं. ओठांकडे त्यांचं लक्षही गेलं नाही. "साहेबांचा हा डावा कान खाली होता की. कल्ले सारखे करताना मी त्यांच्या कानाचा भरवसा कधीच धरला नाही, नाकपुडीवरून माप घ्यायचो. आणि चष्मा कायम त्या अंगाला उतरलेला. तुम्ही तो सरळ केलाय होय?"

केला होता. ज्या फोटोवरून मी काम करत होतो तो मोबाइलवर अगदी जवळून काढलेला. असल्या फोटोत नाक फुगतं आणि कान मागे पळतात. चष्मा तिरका दिसत होता, पण फोटो काढताना घसरला असेल, अशी मी समजूत करून घेतली आणि मुलगा या नात्याने तो नीट बसवला. चष्मा तिरका म्हणून बाबा मान किंचित उजवीकडे कलती ठेवायचे, आणि म्हणून त्यांचं तोंडही सरळ रेषेत कधी नव्हतं. चाळीस वर्षं त्यांच्यासमोर जेवायला बसलेल्या मला हे ठाऊक नव्हतं.

पुढच्या रविवारी ओठांवरचा थर पॅलेट नाइफने खरवडून टाकला. चष्मा एका अंगाला उतरता केला, कान खाली घेतला, डोळ्यांची रेषा कलती केली. ओठांना दहा मिनिटंही लागली नाहीत.

संध्याकाळी चित्र आईसमोर धरलं. तिने पुन्हा चष्मा पुसला. बराच वेळ बघत होती.

"हं. आता आहेत," ती म्हणाली. "पण हा शर्ट कोणाचा?"

शर्ट माझा होता.